गिरणी चालू असेपर्यंत बोला

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही, काय त्रास होतो तेही विचारलं नाही. हातात मेथीची जुडी ठेवली आणि म्हणाल्या, "निवडा."

खरं तर मी तिथे त्रास सांगायला गेलोच नव्हतो. मी घरोघरी जाऊन पाण्याचे फिल्टर बदलतो. त्यांचाही बदलला, जिना उतरलो, गाडी चालू केली, बंद केली आणि परत वर गेलो. "ताई, पाइप नीट बसलाय का तेवढं बघू द्या." बसला होता. खाली उतरलो. कर्वेनगरचा चौक ओलांडला आणि पुन्हा मागे आलो. पुन्हा बघितला, पुन्हा बसलेलाच होता. तिसऱ्यांदा बेल वाजवली तेव्हा दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला, "पाइप ठीक आहे. तुमचं काय?"

दार उघडलं. साठीच्या पुढची बाई. केस स्वतःच कात्रीने कापल्यासारखे, एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर. "आत या. फिल्टरसमोर बसा. पाइपाकडे बघत बघत ही मेथी निवडा. जुडी संपेपर्यंत तो गळला तर तुम्ही शहाणे. नाही गळला तर मी."

पाऊण तास लागला. पाइप गळला नाही. मी मात्र बराच गळलो. म्हणजे रडलो वगैरे नाही, पण बोललो. गाव वाशिमकडचं, शाळा नववीत सुटली, राहायला मांजरीला, चौघं एका खोलीत, आणि कुठल्याही घरातून निघालो की डोळ्यांसमोर पाणी. पाइप सुटलाय, ओट्यावरून पाणी खाली येतंय, सोफा भिजतोय, खालच्यांच्या छतातून ठिबकतंय. मग मी परत जातो. आधी दिवसातून एखाद्या घरी जायचो, आता प्रत्येक घरी जातो. सुपरवायझरने सांगितलंय की लोक तक्रार करतात, तुमचा माणूस घर हेरून ठेवतोय का म्हणून विचारतात. अजून एक तक्रार आली की सुट्टी. कायमची.

हे सगळं ऐकून त्या काय म्हणाल्या असतील? धीर धरा? होईल सगळं ठीक? त्यांनी माझ्यासमोरची परात ओढून घेतली, पानांत बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "देठंच देठं ठेवलीत. पुढच्या मंगळवारी चारला या."

"कशाला?"

"मेथी निवडायला. तुम्हाला येत नाही."

मग कळलं की ही बाई हेच काम करते. लोकांचं ऐकते. दारावर पाटी नव्हती. सर्टिफिकेट होतं, पण संडासात लावलेलं. "तिथे माणूस निवांत वाचतो," त्या म्हणायच्या. मी पुढचे चार महिने ते इंग्रजी अक्षरं लावत वाचत होतो. शेवटपर्यंत पूर्ण झालं नाही, पण शिक्का खरा होता.

खोलीवर सांगितलं तर दारव्ह्याचा दोस्त म्हणाला, "काय बे, वेड्याच्या डॉक्टरकडं जातं का?"

"डॉक्टर नाई ते. गोया देत नाई."

"मंग काय देते?"

"मेथी."

तो इतका हसला की बाजूच्या खोलीतल्यांनी भिंत ठोकली.

त्यांचं घर पिठाच्या गिरणीवर होतं. बरोबर वर. गिरणी चालू झाली की फरशी थरथरायची, कपबशा कपाटात किणकिणायच्या, आणि बसलेल्या माणसाच्या दाढा आपोआप वाजायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, एवढ्या आवाजात बोलणार कसं? त्यांचं उलट होतं. "बाकीच्यांकडे बाहेर बसलेल्याला ऐकू जाऊ नये म्हणून घरघरणारं मशीन लावतात. माझ्याकडे खाली गिरणीवाले काका आहेत. गिरणी चालू असेपर्यंत बोला. खाली कोणाचं ज्वारीचं दळण चाललंय, त्याला तुमच्या आयुष्याशी घेणंदेणं नाही." गुरुवारी वीज गेली की गिरणी बंद. त्या दिवशी त्या कोणालाच बोलवत नसत. एकदा चालू सेशनमध्ये लाइट गेली तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि आम्ही दोघं वीस मिनिटं गप्प बसून भेंडी पुसत होतो. लाइट आली, गिरणी घरघरली, आणि त्या म्हणाल्या, "हं. मग आई काय म्हणाली?"

भाजीचंही त्यांचं शास्त्र होतं. माझ्यासारख्या घाबरटांना मेथी. रागावलेल्यांना लसूण सोलायला. न बोलणाऱ्यांना मटार, कारण शेंग फुटल्याचा तरी आवाज होतो. आणि ज्याला रडायचंय पण लाज वाटते त्याच्यासमोर कांदे. "म्हणजे कारण द्यावं लागत नाही." कोणी खरंच हमसून रडायला लागलं तर टिश्यू मिळत नसे, पंचा मिळायचा. "कागदाने काय होणार आहे? अहो, माणूस रडतोय, शिंकत नाहीये." जिन्यात माझ्या आधी येणारे एक गृहस्थ भेटायचे, चांगले सूटबूट घातलेले, बोटांना लसणाचा वास. आम्ही एकमेकांकडे बघत नसू. पण मी मनात म्हणायचो, तुमचं जड आहे बाप्पा, आपलं मेथीवर भागतं.

गोड बोलणं त्यांना जमायचंच नाही. कोणीतरी त्यांना 'नेहमी चांगलाच विचार करा' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेली फ्रेम दिली होती. ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून असायची. मी "टेन्शन आलं" म्हटलं की त्या हात पुढे करायच्या, "टेन्शन हे गाठोडं झालं. सोडून दाखवा, आत काय काय आहे." आणि मी पुस्तकातल्यासारखं बोलायला लागलो की थांबवायच्या.

"हे कोणाचं मराठी?"

"काऊन? म्हणजे... का?"

"आता बोललात ते पहिलं. ते तुमचं. गिऱ्हाइकाशी बोलताना पुण्याचं वापरा, पोटासाठी लागतं. घाबरल्यावर कुठलं बोलता?"

मी म्हटलं, "मले वाटते का पाइप सुटला असन."

"बघा. हे मला लगेच कळलं. मघाचं ऐकून वाटलं, कंपनीचं पत्र वाचताय."

आमच्याकडे रविवारी विहारात डोळे मिटून बसवायचे. श्वासाकडे बघा म्हणायचे. मी श्वासाकडे बघता बघता घरची मोटर बंद केली का ते बघून यायचो, आणि परत श्वासावर. हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. मलाही हसू आलं. आपल्या आजारावर हसता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

शाळेचं मी पाचव्या की सहाव्या मंगळवारी सांगितलं. उन्हाळ्यात आमच्या शाळेत टँकर यायचा, टाकी भरायचा, आणि तेवढंच पाणी सगळ्यांना. तोटीवर कोणी तरी एक पोरगा नेमायचे. त्या आठवड्यात मी होतो. मधल्या सुट्टीनंतर बघितलं तर टाकी रिकामी, मैदानात चिखल. तोटी उघडी. बाकीची पोरं दिवसभर टाकीवरच खेळत होती. सरांनी विचारलं फक्त मला. म्हणाले, "याला टाकीला हात लावायला ठेवलं कोणी?" आमच्या वस्तीतला त्या वर्गात मी एकटाच होतो. संध्याकाळी बापाला बोलावलं, बापाने सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो नाही. मग गेलोच नाही.

"तोटी तुम्हीच उघडी ठेवली होती?"

"मले आजबी माहीत नाई. बंद केल्याचं आठवते. मग वाटते, नसन केली."

खाली गिरणी चालली होती. त्यांनी माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि बाजूला ठेवली. चार महिन्यांत एवढं एकदाच.

"सरांनी तोटीबद्दल विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "टाकीला हात लावायला कोणी ठेवलं, असं विचारलं. ऐकलंत ना? मी ऐकलं."

त्यांनी कांदेही पुढे केले नाहीत. पंचा दिला.

पंचा खाली ठेवून मी म्हटलं, "ताई, म्हणजे सापडलं ना कारण? आता बंद होईल."

"छान. म्हणजे कारण सापडलं की पाइप आपोआप घट्ट बसतो? अहो, तुमच्या धंद्यात असं होतं का? गळती कुठे आहे ते कळलं, झालं, चहा प्या?"

"नाई. मंग पाना लागते."

"मग पाना आणा."

पाना म्हणजे त्यांचा नियम. प्रत्येक घरी काम झाल्यावर पाइप एकदा बघायचा. एकदाच. हात लावून, नीट, डोळे उघडे ठेवून. मग निघायचं. भीती वाटली तर वाटू द्यायची, गाडीवर मागे बसवून पुढच्या घरी न्यायची, पण परत फिरायचं नाही. दोन आठवडे मी अर्ध्या घरांत जमवलं, अर्ध्या घरांत नाही. त्या मेथीकडे बघून सांगायच्या, "आज देठं कमी आहेत. म्हणजे गुरुवार बरा गेला." मला अजून कळलेलं नाही की देठांवरून गुरुवार कसा कळतो. एकदा मी हट्टाने सगळी देठं काढून टाकली तर म्हणाल्या, "हे मला दाखवायला केलंय. पानंही फेकलीत त्यात." त्याच दिवशी हेही म्हणाल्या, "अगदीच झेपलं नाही तर डॉक्टरकडे पाठवीन. गोळी लागली तर लागली. चष्मा लागला तर लाजतो का आपण?" आणि दोन्ही चष्मे दाखवले.

मग त्यांनी फर्मावलं, आता त्यांच्याच घरचा फिल्टर. बदलून सहा महिने झाले नव्हते, तरी उघडायचा, धुवायचा, बसवायचा, एकदा बघायचा, जायचं. "आणि लक्षात ठेवा, खाली गिरणी आहे. गळला तर काकांचा धान्याचा डबा बरोबर या कोपऱ्याखाली आहे."

"हे काऊन सांगता मले?"

"म्हणजे घाबरायला काहीतरी खरं असावं. उगाच सोफ्याला किती दिवस घाबरणार?"

मी काम केलं. पाइप जोडला, एकदा बघितला, दार ओढलं, निघालो. हडपसरपर्यंत परत फिरावंसं वाटत होतं, फिरलो नाही. मांजरीला पोचलो. छाती फुगली होती. दोस्ताला म्हटलं, चहा माझ्याकडून. पैसे काढायला खिशात हात घातला आणि बोटाला वॉशर लागला.

तो रबराचा छोटा गोल वॉशर. पाइपाच्या तोंडाशी बसतो आणि पाणी अडवतो. तो माझ्या खिशात होता. म्हणजे तिथे नव्हता.

आता इथे माझी जी अवस्था झाली ती सांगायला शब्द नाहीत. इतकी वर्षं मी खोट्याला घाबरत होतो, आणि आता खरंच. नियम म्हणतो, जायचं नाही. वॉशर म्हणतो, जा. मी दहा मिनिटं टपरीवर उभा होतो, चहावर साय आली. शेवटी फोन लावला.

"ताई, वॉशर माया खिशात हाये."

"मला माहीत आहे."

"काय?"

"पाणी आलं ना. वॉशर नाही म्हटल्यावर पाणी येणारच."

"मी येतो. आत्ता निघतो."

"उद्या दहाला या."

"ताई, नळ! मेन नळ बंद करा—"

"केला. मी बावळट नाही. पुसूनही झालं. खाली काकांचा डबा भिजला, तेही झालं. आता आमटी टाकतेय."

"ताई, मी येतोच."

"आलात तर दार उघडणार नाही. माझ्या घरातलं पाणी आहे, तुमचं नाही. जेवा आणि झोपा. उद्या दहा."

फोन बंद. मी जेवलो. ते कसं काय ते विचारू नका, पण जेवलो.

सकाळी दहाला गेलो तर त्या खालीच उभ्या. "आधी काकांकडे. माफी मागायची. एकदाच मागायची. दुसऱ्यांदा मागितलीत तर वर घेणार नाही."

गिरणीवाले काका म्हणजे पिठाने पांढरा झालेला उंच माणूस, भुवयासुद्धा पांढऱ्या. मी हात जोडले. "काका, चुकी माझी. वॉशर मी विसरलो."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्हीच ते मेथीवाले?"

"हो."

"माझ्या घरचाच गहू होता. गिऱ्हाइकाचा असता तर मग तुम्हाला इथेच बसवून दळलं असतं." मग आत बघून ओरडले, "अगं, हे आलेत बघ, गहू भिजवणारे!"

आतून काकू आल्या. मी पुन्हा माफी मागणार तेवढ्यात ताईंनी माझ्या पायावर पाय दिला. काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई भिजला. तीन उन्हाळे सांगतेय यांना, कुरडयांना गहू काढून द्या. देत नाहीत. धंद्याचा वेळ आहे म्हणतात. आता भिजलाच आहे तर सोडतेय काय मी?" त्यांनी पातेलं दाखवलं. माझा गहू, माझ्या पाण्याने भिजलेला, वरून आणखी पाणी घालून भिजत ठेवला होता. "तीन दिवस भिजू दे. रविवारी गच्चीवर या. सोऱ्या फिरवायला माणूस हवाय. यांची कंबर धरते."

मी ताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? सोऱ्या फिरवायला जा."

त्या रविवारी गच्चीवर काकू चीक घोटत होत्या, मी सोऱ्या दाबत होतो आणि प्लास्टिकवर कुरडया पडत होत्या. ताईंनाही करायच्या होत्या. त्यांची एक कुरडई शेवयांची गाठ दिसत होती, दुसरी पायाचा ठसा. काकू म्हणाल्या, "ताई, तुम्ही लोकांचं ऐकायचं बघा. हे राहू द्या." ताईंनी तोंड वाकडं केलं आणि बाजूला बसून चीक खाल्ला. मी दुपारी गच्ची उतरलो तेव्हा लक्षात आलं की ताईंच्या फिल्टरचा वॉशर मी माफीच्या दिवशीच वर जाऊन बसवला होता, एकदा बघितला होता, आणि नंतर त्याची आठवणच झाली नव्हती.

असं नाही की मी बरा झालो आणि ढोल वाजले. अजूनही दोन-तीन घरांनंतर मान मागे वळते. पण तक्रार आली नाही, नोकरी राहिली. दोन डबे कुरडया गावी पाठवल्या. आईने फोनवर विचारलं, "कोणी देल्या बाप्पा एवढ्या?" मी म्हटलं, "माया चुकीच्या हायेत." तिला काही कळलं नाही. म्हणाली, "खारट हायेत जरा."

पावसाळ्यानंतर ती बिल्डिंग पाडायला निघाली. नवीन टॉवर होणार. काका गिरणी विकून लोणी काळभोरला मुलाकडे निघाले. ताई म्हणाल्या, मी नाशिकला बहिणीकडे. मी म्हटलं, ताई, दुसरीकडे घर घ्या की, आम्ही येऊ.

"खाली गिरणी असलेलं मिळेल का?"

"नाई मिळणार."

"मग? एवढ्या शांततेत कोण खरं बोलेल?"

शेवटच्या दिवशी मी त्यांचा फिल्टर काढायला गेलो. घर रिकामं. काकांनी गिरणी आदल्या दिवशीच बंद केली होती, म्हणून आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. ओट्यावर एक जुडी ठेवली होती. ती मी निवडली. त्यांनी पानांत बोटं फिरवली, एक चष्मा खाली ओढला. "देठं आहेत अजून."

"असू द्या."

"हं," त्या म्हणाल्या. एवढंच.

भिंतीवरचा मेन नळ बंद केला, एकदा बघितला, फिल्टर खांद्यावर घेतला, पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "फिल्टर पडेल." मी तसाच जिना उतरायला लागलो. दुसऱ्या वळणावर होतो तेव्हा वरून आवाज आला. खणखणीत, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा.

"अहो! नळ नक्की बंद केलात ना?"

माझा पाय पायरीवर तसाच राहिला. मैदानातला चिखल दिसला, तोटी दिसली.

मी वर बघितलं नाही. म्हटलं, "तुमीच पाहा!"

वरून हसू ऐकू आलं. दार लागलं.

चौकात सिग्नल लाल होता. एकदा गाडी वळवावीशी वाटली, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात तो हिरवा झाला आणि मागच्याने हॉर्न दाबला. पुण्यात हॉर्नवाल्याचं ऐकावं लागतं. मी सरळ निघालो.